नागपुरात खाऱ्या पाण्याचा रीफ टँक: दिवाळीत सुरुवात, उन्हाळ्याची तयारी

रीफ टँक, म्हणजे कोरल (प्रवाळ) आणि समुद्री मासे सांभाळणारा खाऱ्या पाण्याचा टँक, लावायचा असेल तर नागपुरात मुहूर्त दिवाळीचा धरावा. त्यात धार्मिक काही नाही, साधा हिशेब आहे. टँकमधलं पाणी तयार व्हायला चार ते सहा आठवडे जातात, पुढचे दोन-तीन महिने शेवाळाशी झटापट चालते, आणि तोवर मार्च उजाडतो. पारा चाळिशी ओलांडायच्या आत टँक स्थिरावलेला हवा. गुढीपाडव्याला हौसेने सुरुवात करणारे बरेच जण मेअखेरच्या नवतप्यात टँक विकायला काढतात.

कोरलला २५ ते २७ अंशांचं पाणी मानवतं. पाणी दिवसेंदिवस ३० च्या वर राहिलं की त्याच्या पेशींत राहणारी, त्याला अन्न पुरवणारी सूक्ष्म शैवालं बाहेर फेकली जातात आणि कोरल पांढरं पडतं. लक्षद्वीपच्या खुल्या समुद्रातही १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये हेच झालं. आपल्या नागपुरात २३ मे २०१३ ला ४७.९ अंशांची नोंद आहे. तेव्हा मासे कोणते घ्यायचे हे नंतर बघू, आधी बाकीचं.

खरेदीच्या आधी कायदा

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी वगळू नका. सगळी कठीण प्रवाळं, म्हणजे ज्यांचा चुन्याचा सांगाडा असतो ती, आणि सी फॅन २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. समुद्रघोडेही त्यातच. वाघाला जे संरक्षण तेच यांना. अंदमान, लक्षद्वीप, मन्नारचं आखात किंवा मालवणहून कुणी 'लाइव्ह रॉक' (जिवाणू आणि बारीक जीव वसलेला समुद्रातला दगड) किंवा कोरलचा तुकडा आणून देतो म्हणाला तर हात जोडून नाही म्हणा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर साइट्स करारातल्या (धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परदेशी प्रजाती बाळगायच्या तर त्याचीही नोंदणी लागते, आणि ती केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर होते. परदेशी कठीण कोरलही त्यात येतात.

माझं मत सरळ आहे: नवख्याने कठीण कोरलच्या वाटेला जाऊच नये. कायद्याचं एक, आणि ती सांभाळायलाही अवघड. मऊ कोरलमध्ये झोआ, मशरूम, लेदर, ग्रीन स्टार पॉलिप आणि झेनिया एवढ्यावर टँक भरगच्च दिसतो. झेनियाचे पंजे दिवसभर उघडझाप करतात. पाहुणे माशांपेक्षा तेच बघत बसतात. मासे हॅचरीत जन्मलेले घ्या. क्लाउनफिशची पैदास आता भारतातच होते, कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याचं तंत्र कधीच बसवलं आहे. दुकानदाराकडून पक्कं बिल मागा आणि माल कुठून आला ते त्यावर लिहून घ्या.

जागा आणि टँक

सुरुवातीला छोटा टँक स्वस्त पडतो, पण सांभाळायला तोच कठीण. पाणी कमी म्हणजे तापतंही लवकर आणि बिघडतंही लवकर. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, १० मिलिमीटर काच, हे माप नागपूरसाठी मला योग्य वाटतं. यात सुमारे १९० लिटर पाणी मावतं. काच, दगड, वाळू, स्टँड आणि खालचा सम्प (यंत्रं ठेवायची दुसरी टाकी) धरून वजन तीनशे किलोच्या आसपास जातं, त्यामुळे स्टँड लोखंडी आणि पातळीत हवा. फ्लॅटमध्ये टँक खोलीच्या मधोमध न ठेवता भिंतीलगत, शक्यतो बीमजवळ ठेवावा.

भिंत मात्र पश्चिमेची नको. आपल्याकडची पश्चिमेची भिंत मेमध्ये रात्री दहालाही हाताला गरम लागते. उत्तरेची किंवा पूर्वेची आतली भिंत बघा. खिडकीतून थेट ऊन पडत नाही ना, तेही पाहा. स्वयंपाकघराची फोडणी आणि देवघराचा धूर यांच्यापासून लांब, कारण स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) खोलीतलीच हवा ओढून पाण्यात मिसळतो.

लागणारी यंत्रं थोडक्यात: सम्प, सम्पमधलं पाणी वर टँकमध्ये ढकलणारा रिटर्न पंप, प्रोटीन स्किमर, टँकमध्ये प्रवाह तयार करणारे दोन वेव्हमेकर, कोरलसाठीचा एलईडी दिवा, २०० वॅटचा हीटर (डिसेंबर-जानेवारीच्या रात्री लागतो, हसू नका), आपोआप पाणी भरणारं एटीओ, आणि पंखे किंवा पाणी थंड करणारा चिलर. दिवा टायमरवर आठ-नऊ तास, आणि नव्या टँकला पहिले काही आठवडे अर्ध्या ताकदीवर.

पाणी

नळाला येणारं पेंच-कन्हानचं पाणी पिण्यासाठी ठीक, रीफसाठी नाही. त्यात क्लोरीन असतं, क्षार असतात, आणि बोअरवेलचं पाणी तर त्याहून जड. टँकसाठी टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) शून्य दाखवणारं पाणी लागतं. घरातला पिण्याचा आरओ यासाठी पुरत नाही. त्यात बहुतेक वेळा चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळणारा व्हॉल्व्ह असतो, त्यामुळे मीटर पन्नास-साठ दाखवतो. वेगळा आरओ बसवा आणि त्याच्यापुढे उरलेसुरले क्षार काढणाऱ्या डीआय रेझिनची नळी जोडा. मीटरवर एक किंवा दोन दिसायला लागलं की रेझिन संपत आलं असं समजा.

वीस लिटर चांगल्या पाण्यामागे साठेक लिटर वाया जातं. ते फरशी पुसायला, गाडी धुवायला वापरा. कूलरमध्ये ओतू नका, ताट्यांवर क्षारांचे पांढरे थर बसतात.

आता मीठ. "समुद्राचं खडे मीठ टाकलं तर नाही का चालत, भाऊ?" हे मला अनेकांनी विचारलं आहे. नाही चालत. मिठागरात पाणी आटताना कॅल्शियमचे क्षार आधीच खाली बसतात, मॅग्नेशियम शेवटच्या कडू पाण्यात राहून जातं, आणि मधल्या टप्प्यात जे गोळा करतात ते जवळपास निव्वळ सोडियम क्लोराइड असतं. रीफसाठी बनवलेलं मीठच घ्यावं लागतं. लिटरला साधारण ३५ ते ४० ग्रॅम, ब्रँडप्रमाणे.

मीठ वेगळ्या पिंपात कालवायचं. पिंप अन्नासाठी चालणाऱ्या प्लॅस्टिकचं, आधी पाणी, मग त्यात पंप चालू ठेवून थोडं थोडं मीठ. रात्रभर फिरू द्या. टँकमध्ये मासे असताना त्यात थेट मीठ कधीही टाकू नये.

क्षारता, म्हणजे पाण्याचा खारेपणा, मोजायला रिफ्रॅक्टोमीटर. निळसर काचेवर दोन थेंब, वरचं झाकण बुडबुडा न राहता बसवायचं, अर्धा मिनिट थांबायचं आणि उजेडाकडे धरून डोळा लावायचा. वर निळं, खाली पांढरं दिसतं. दोन्ही जिथे मिळतात ती रेघ ३५ वर (हजार भागांत ३५ भाग क्षार) हवी. हे यंत्र नुसत्या आरओच्या पाण्याने शून्यावर लावून भागत नाही. ३५ चं तयार द्रावण मिळतं, महिन्यातून एकदा त्याने पडताळा.

दगड, वाळू आणि सहा आठवड्यांचा धीर

कोरडा, मानवनिर्मित रीफ रॉक घ्या, बारा-पंधरा किलो. आधी दगड थेट काचेवर टेकवून रचा, मग ॲरागोनाइट (चुन्याची) वाळू पसरा. उलटं केलं तर वाळू उकरणारा एखादा गोबी मासा सगळी रास पाडतो. दगडांत पोकळ्या ठेवा, मागून पाणी वाहायला हवं.

पाणी भरलं, पंप सुरू झाले, की लगेच एक परीक्षा घ्या: मेन स्विच बंद करा. वरच्या टँकमधलं पाणी सम्पमध्ये उतरेल. सम्प ओसंडला तर त्यातलं पाणी आत्ताच कमी करा आणि पेनने कमाल पातळीची रेघ मारा. रिटर्नच्या पाइपला पाण्याच्या पातळीलगत एक छोटं भोक पाडलं की हवा शिरून उलटा ओघ तुटतो. ही परीक्षा न घेणाऱ्यांच्या घरी पहिल्यांदा लाईट गेली की सोफ्याखाली समुद्र येतो.

मग सायकल, म्हणजे घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू टँकमध्ये वाढवणं. बाटलीतले जिवाणू टाका, अमोनियाचं द्रावण २ पीपीएमपर्यंत (दहा लाखांत दोन भाग) द्या आणि वाट पाहा. एक जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. २ पीपीएम अमोनिया दिल्यावर चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, तर टँक तयार. या काळात मासा टाकून सायकल करायची जुनी पद्धत आहे. ती क्रूर आहे आणि तिची गरज नाही.

त्यानंतर वाळूवर तपकिरी थर येईल, पुढे केसांसारखं हिरवं शेवाळ. घाबरून औषधं ओतू नका. टर्बो गोगलगाई आणि हर्मिट खेकडे टाका, दिवा थोडा कमी करा, हाताने उपटा. बहुतेक टँक यातून जातातच.

सायकल संपल्यावर पाण्याचे आकडे असे ठेवा: अल्कलिनिटी (पीएच स्थिर धरून ठेवायची पाण्याची ताकद, डीकेएच या एककात मोजतात) ८ ते ९, आणि पीपीएममध्ये कॅल्शियम ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १३०० च्या आसपास, नायट्रेट २ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१. शेवटचे दोन शून्यावर नेण्याचा अट्टहास नको, मऊ कोरल त्यात उपाशी मरतात. आणि आकडा आदर्श असण्यापेक्षा रोज सारखा असणं महत्त्वाचं. साडेसातवर स्थिर असलेली अल्कलिनिटी एका दिवसात नऊवर नेली तर नुकसानच होतं.

मासे आणि कोरल आणताना

मागवायचं ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. मुंबई-चेन्नईहून येणारी पिशवी मेमध्ये गुड्स ऑफिसात तासभर पडली तरी आत काही उरत नाही.

पिशवी आधी बंदच वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा. लांबून आलेल्या पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो, त्यामुळे आत जमलेला अमोनिया फारसा विषारी नसतो. पिशवी उघडून तासभर थेंब थेंब पाणी घालत बसलात तर पीएच चढतो आणि तोच अमोनिया जीवघेणा होतो. म्हणून दुकानाची क्षारता आधीच विचारून घ्या, वेगळ्या ठेवलेल्या टँकचं पाणी त्याच्याशी जुळवा आणि उघडल्याबरोबर मासा उचलून त्यात सोडा. पिशवीतलं पाणी टाकून द्या.

वेगळा टँक म्हणजे क्वारंटाइन. चार आठवडे तरी. खाऱ्या पाण्यातला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग एकदा मुख्य टँकमध्ये शिरला की मासे बाहेर काढून तो अडीच महिने रिकामा ठेवावा लागतो, कारण त्यावरचं तांब्याचं औषध तिथे घालता येत नाही. त्याने कोळंबी, गोगलगाई, कोरल सगळं मरतं.

तीन फुटी टँकमध्ये क्लाउनची जोडी, एक गोबी, एक फायरफिश, एक क्लीनर कोळंबी. एवढं पुरे. फायरफिश उड्या मारतो, वर जाळी हवी. सिनेमामुळे मुलं निळा टँग मागतात. तो फूटभर वाढतो आणि त्याला पोहायला लांबच लांब टँक लागतो, त्यामुळे मुलांना नाही म्हणा. मँडरिन मासा दिसायला अप्रतिम, पण नव्या टँकमध्ये त्याचं खाणं असलेले सूक्ष्म जीव नसतात आणि तो डोळ्यांसमोर वाळत जातो.

झोआ हाताळताना हातमोजे आणि चष्मा. त्यांच्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं फार जहाल विष असतं. झोआ चिकटलेला दगड गरम पाण्यात टाकणं, उकळणं, कोरड्या ब्रशने घासणं हे कधीही करू नका, वाफेतूनही माणसं दवाखान्यात गेली आहेत. हाताला जखम असेल तर त्या दिवशी टँकमध्ये हात घालू नका.

उन्हाळा

आता मुख्य गोष्ट. मे महिन्यातली नागपूरची हवा कोरडी ठणठणीत असते, आणि याच गोष्टीचा फायदा घ्यायचा असतो. एक लिटर पाणी उडून जाताना इतकी उष्णता घेऊन जातं की १९० लिटरचा टँक सुमारे तीन अंशांनी थंड होईल. म्हणून सम्पवर आणि टँकवर पाण्याला तिरपे वारा मारणारे दोन छोटे पंखे लावा, तापमान नियंत्रकाला जोडा, २६.५ वर सुरू आणि २६ वर बंद. खोलीत डेझर्ट कूलर चालू असेल आणि समोरची खिडकी उघडी असेल, तर एवढ्यावर मेमधले बरेच दिवस निभावतात. खिडकी बंद ठेवून कूलर लावला की खोलीत दमटपणा कोंडतो आणि पंखे नुसते फिरतात.

या पद्धतीची किंमत पाण्यात मोजावी लागते. दिवसाला चार-पाच लिटर सहज उडतं. उडतं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं. पाच लिटर गेले की ३५ ची क्षारता एका दिवसात ३६ कडे सरकते. एटीओ इथे चैनीची वस्तू नाही. त्याच्या टाकीत साधं आरओ-डीआयचं पाणी भरायचं, खारं नाही, आणि टाकी वीस-पंचवीस लिटरची तरी हवी. सेन्सरवर मिठाचा पापुद्रा बसतो, आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर तो पाणी भरत सुटतो.

लोक नवतप्याला घाबरतात, पण टँकला जास्त धोका मृगाच्या पहिल्या सरींनंतर असतो. हवा दमट होते, उकाडा तसाच राहतो, आणि कूलर व पंखे दोन्ही एकाच दिवशी निकामी होतात. पाणी मेपेक्षा जूनच्या तिसऱ्या आठवड्यात जास्त तापलेलं सापडतं. ऑक्टोबर हीटमध्येही तेच. म्हणून शेवटी चिलर किंवा एसी यांपैकी एक लागतोच. चिलर टँकची उष्णता खोलीत सोडतो. बंद कपाटात ठेवला तर स्वतःच्याच गरम हवेत गुदमरतो, आणि बाल्कनीत पंचेचाळीस अंशांत त्याचा दम निघतो. हवा खेळत्या पॅसेजमध्ये ठेवावा. तीनशे वॅटचा चिलर दिवसाला दहा तास चालला तर तीन युनिट, महिन्याला नव्वद. त्याच खोलीत घरची माणसं झोपत असतील आणि एसी तसाही लागणार असेल, तर २७ वर चालणारा एसी आणि एक पंखा हा हिशेब मला जास्त पटतो.

काही चुकलं आणि पाणी ३१ वर गेलं तर बर्फ टँकमध्ये टाकू नका. बाटल्यांत गोठवलेलं पाणी, झाकण घट्ट लावून, एक एक करून सम्पमध्ये तरंगवा. दिवा बंद करा आणि वेव्हमेकर पृष्ठभागाकडे वळवा. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, आणि खाऱ्या पाण्यात तर गोड्याहून पाचवा हिस्सा आधीच कमी असतो.

याच कारणाने लाईट जाणं धोक्याचं. मासे पृष्ठभागाशी येऊन कल्ले भराभर हलवायला लागले म्हणजे वेळ फार उरलेला नाही. इन्व्हर्टरवर टँकसाठी वेगळा प्लग काढून घ्या आणि त्यावर फक्त रिटर्न पंप व एक वेव्हमेकर ठेवा. दोघांचे मिळून चाळीसेक वॅट. बॅटरी दीडशे अँपिअरची असेल आणि घरातले पंखे त्यावर नसतील तर रात्र आरामात निघते. चिलर, हीटर आणि दिवा इन्व्हर्टरवर नकोत. जोडीला सेलवर चालणारा एअर पंप कपाटात असू द्या.

डास

पावसाळ्यात डेंग्यूची भीती असते, घरोघर लिक्विड मशीन आणि कॉइल लागतात. यांतली पायरेथ्रॉइड गटातली रसायनं माशांना आणि त्याहून जास्त कोळंबीला घातक आहेत. टँकच्या खोलीत मशीन नको, मच्छरदाणी लावा. धुराची फवारणी करणारी गाडी गल्लीत आली की खिडक्या बंद, एअर पंप आणि स्किमर तासभर बंद, टँकवर ओलं फडकं. वेव्हमेकर चालू राहू द्या. पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवायचं असेल तर जेल लावणाराच बोलवा.

रोजचं आणि आठवड्याचं

रोज तापमान, एटीओची टाकी आणि मासे जेवायला पुढे येतात का, एवढं बघायला पाच मिनिटं लागतात. दोन मिनिटांत संपेल इतकंच खाणं द्या. आठवड्याला क्षारता आणि अल्कलिनिटी तपासा, स्किमरचा कप धुवा आणि वीस लिटर पाणी बदला: पंप बंद, नळीने वाळूवरची घाण ओढत पाणी बादलीत काढायचं, मग आदल्या रात्री कालवलेलं, तापमान व क्षारता जुळवलेलं पाणी सम्पमध्ये सावकाश ओतायचं. ती बादली साबणाच्या कामाला कधीच वापरायची नाही. तिच्यावर मार्करने मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, कामवाल्या ताईंनाही दाखवून ठेवा.

लग्नाकार्याला बाहेरगावी जायचं असेल तर आदल्या दिवशी पाणी बदलू नका, दोन-तीन दिवस आधी बदला, म्हणजे काही बिघडलं तर कळायला वेळ राहतो. शेजारच्या काकूंना माशांचा डबा देऊ नका, त्या प्रेमाने मूठभर टाकतील. औषधाच्या गोळ्यांची वारांची डबी मिळते. तिच्या एकेका खणात चिमूटभर खाणं भरून द्या, एक दिवसाआड. मोठ्या माशांना चार-पाच दिवस उपास पडला तरी काही होत नाही. काकूंना फक्त दोन गोष्टी सांगा: तापमानाचा आकडा २८ च्या वर दिसला तर फोन करायचा, आणि एटीओच्या टाकीत कोपऱ्यातल्या झाकणाच्या कॅनमधलंच पाणी ओतायचं, नळाचं नाही.